जमिनीवरचे विमान

जबलपूर जिल्ह्यातील कुंडमसारख्या डोंगराळ, गोंडवस्तीच्या तहसिलीत राहणाऱ्या माणसाला विमान दिसते ते बहुधा आकाशात, एखाद्या पांढऱ्या रेघेच्या टोकाशी. त्याच्या दृष्टीने विमान ही उंचावरून जाणारी वस्तू असते आणि तिला काही भय असलेच तर ते पडण्याचे असते. शहरातल्या सुशिक्षित प्रवाशाची समजूत याहून फारशी निराळी असते असे नाही. चाके धावपट्टीला टेकली की तो सुटकेचा निःश्वास टाकतो, पट्ट्याकडे हात नेतो आणि डोक्यावरच्या कप्प्यातील पिशवीचा विचार करू लागतो. विमानतळावर काम करणाऱ्या माणसाला मात्र ठाऊक असते की, या क्षणी धोक्याचे केवळ रूप बदललेले असते.

कुंडमला सर्वांत जवळचे विमानतळ म्हणजे जबलपूरचे डुमना. त्याच्या शेजारीच राखीव वन आहे. ४ डिसेंबर २०१५ रोजी संध्याकाळी मुंबईहून आलेले स्पाइसजेटचे पंख्यांचे विमान डुमनाच्या धावपट्टीवर उतरले आणि त्याच वेळी रानडुकरांचा एक कळप समोर आला. डुकरांना धडकून विमान धावपट्टी सोडून बाजूच्या मातीत गेले. प्रवासी सुखरूप बाहेर पडले. आकाशातला सारा प्रवास निर्विघ्न झाला होता. घात झाला तो जमिनीवर आल्यानंतर, आणि तोही वैमानिकाला दिसू न शकलेल्या गोष्टीमुळे.

यानंतर बाराच दिवसांनी, १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री, ज्या मुंबईहून ते विमान निघाले होते त्याच मुंबईच्या विमानतळावर याहून कितीतरी दारुण घटना घडली. एअर इंडियाचे एअरबस ए-३१९ जातीचे विमान हैदराबादला निघण्याच्या तयारीत होते. विमान उभे राहण्याच्या जागेवरून मागे ढकलण्याचे काम चालू होते. त्या कामावर असलेला विमान कंपनीचा एक तंत्रज्ञ चालू असलेल्या इंजिनाच्या तोंडाशी सापडला आणि आत ओढला जाऊन जागीच मरण पावला. इशारा समजण्यात चूक झाली असावी, असे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले होते. विमान अद्याप उडालेले नव्हते. आत प्रवासी बसलेले होते आणि त्यांच्यापासून काही पावलांवर हे घडले होते.

या दोन्ही घटनांत अंतर बरेच आहे. एकीत रानातले जनावर होते, तर दुसरीत अनुभवी, प्रशिक्षित माणूस. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच अडचण आहे. जमिनीवरचे विमान चालवणाऱ्याला विमानाभोवतालचे फार थोडे दिसते, आणि विमानाभोवती वावरणाऱ्याला फार थोडे ऐकू येते. या आंधळेपणाची आणि बहिरेपणाची भरपाई विमानतळावर खुणा, दिवे आणि ठराविक शब्द यांनी केली जाते. ती खूण, तो दिवा किंवा तो शब्द हुकला की काय होते, हे समजून घेण्यासाठी प्रथम विमान हे जमिनीवरचे वाहन म्हणून कसे आहे ते पाहू.

वाहन म्हणून विमान अत्यंत गैरसोयीचे आहे, असेच म्हणावे लागते. मोटारीची चाके इंजिनाने फिरतात. विमानाची चाके नुसती गाड्याच्या चाकांसारखी घरंगळतात, त्यांना इंजिन जोडलेले नसते. जमिनीवर पुढे सरकण्यासाठीसुद्धा विमानाला हवा मागे फेकूनच स्वतःला लोटावे लागते. तीस-चाळीस हजार फुटांवर जे यंत्र त्याला ताशी आठशे किलोमीटरहून अधिक वेगाने नेते, तेच यंत्र एप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या फरसबंद पटांगणात, माणसांच्या आणि सामानाच्या गाड्यांच्या गर्दीतून त्याला रांगत नेण्यासाठी वापरावे लागते. मोटारीसारखी मागे जाण्याची सोयही त्याला व्यवहारात नाही. म्हणून इमारतीकडे तोंड करून उभे असलेले विमान ट्रॅक्टरने मागे ढकलून काढावे लागते. यालाच पुशबॅक म्हणतात.

एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ ही आपल्याकडची नित्याची विमाने. त्यांचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे पस्तीस मीटर पसरलेले असतात. एवढ्या रुंदीचे वाहन कोणत्याही रस्त्यावर चालत नाही. बोइंग ७७७ च्या मोठ्या प्रकारात ही रुंदी चौसष्ट मीटरांच्या वर जाते आणि ए-३८० मध्ये ती जवळजवळ ऐंशी मीटर होते. वैमानिक बसतो तो या सगळ्याच्या पुढे, नाकाशी. मोठ्या विमानांत तर पुढचे चाकसुद्धा त्याच्या बैठकीच्या बरेच मागे असते. त्यामुळे वळण घेताना स्वतः वळणाच्या पुढे गेल्यावर मग त्याला चाक वळवावे लागते. स्वतःचे पोट, इंजिने आणि शेपूट त्याला दिसत नाहीत. मोठ्या विमानांत पंखाची टोकेही जागेवरून सहजासहजी दिसत नाहीत. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मोठ्या विमानांच्या पंखटोकांवर लक्ष ठेवणारे कॅमेरे असावेत अशी शिफारस केली, ती याच कारणाने.

आता इंजिनाकडे वळू. आधुनिक प्रवासी जेट विमानाच्या इंजिनात पुढच्या तोंडाशी एक प्रचंड पंखा असतो. ए-३१९ वर्गातील इंजिनात त्याचा व्यास पावणेदोन मीटरांच्या जवळपास, म्हणजे उभ्या माणसाच्या उंचीएवढा असतो. पूर्ण जोराने, उड्डाणाच्या वेळी, असे एक इंजिन सेकंदाला चारशे किलोग्रॅमच्या घरात हवा आत घेते. ही संख्या नुसती वाचून डोळ्यांपुढे काही येत नाही. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी घरातली एक खोली घ्यावी. तशा दहा-बारा खोल्यांतील सगळी हवा दर सेकंदाला त्या तोंडातून आत जाते. विमान जागेवर उभे असताना इंजिन अर्थातच मंद चालते आणि हे प्रमाण पुष्कळ कमी असते. पण माणसाला पायावरून उचलण्यास तेवढी हवासुद्धा पुरते.

येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे, कारण तिच्या अज्ञानाने अनेकांचा घात होतो. घरातल्या समईची ज्योत हातभर अंतरावरून फुंकर घालून विझवता येते. तेवढ्याच अंतरावरून तोंडाने हवा आत ओढून ती विझवून पाहावी. कितीही जोर केला तरी ती विझत नाही, फार तर किंचित हलते. फुंकलेली हवा एका धारेने, एकाच दिशेला जाते. ओढलेली हवा मात्र वरून, खालून, बाजूंनी, सगळीकडून गोळा होऊन येते, म्हणून कोणत्याही एका दिशेला तिचा वेग थोडा असतो आणि तो अंतराबरोबर फार झपाट्याने उतरतो. अंतर दुप्पट झाले की ओढ साधारण एक-चतुर्थांश होते.

इंजिनाच्या तोंडापुढे नेमके हेच घडते. सात-आठ मीटरांवर उभ्या असलेल्या माणसाला वाऱ्याची एखादी झुळूक जाणवते आणि त्याला वाटते की जवळ जाण्यास हरकत नाही. तो दोन-चार पावले टाकतो. आता अंतर निम्म्यावर आलेले असते आणि ओढ चौपट झालेली असते. आणखी दोन पावले टाकल्यावर ती पुन्हा कितीतरी पटींनी वाढते. बोइंग ७३७ सारख्या विमानाच्या इंजिनापुढे, ते मंद चालत असताना सुमारे तीन मीटरांचा आणि त्याची शक्ती वाढवल्यावर चार मीटरांहून अधिक त्रिज्येचा प्रदेश निषिद्ध मानला जातो. त्या सीमेवर काही दोरी बांधलेली नसते. आगीजवळ जाताना उष्णतेचा चटका आधी बसतो आणि माणूस मागे सरतो. येथे तसा आधी इशारा मिळत नाही, आणि जेव्हा मिळतो तेव्हा पाय जमिनीवर राहत नाहीत.

इंजिनाच्या मागच्या बाजूचा धोका याच्या उलट स्वरूपाचा असतो. तो फुंकरीचा धोका आहे आणि म्हणूनच फार दूरवर पोचतो. मंद चालणाऱ्या इंजिनामागेसुद्धा तीसेक मीटरपर्यंत माणसाने फिरकू नये असा दंडक आहे. थांबलेले जड विमान जागचे हलवण्यासाठी वैमानिक क्षणभर जोर वाढवतो, तेव्हा हे अंतर कित्येक पटींनी वाढते. सामान वाहण्याच्या रिकाम्या गाड्या, शिड्या, पत्रे अशा झोतात उडून जातात. कॅरिबियन समुद्रातील सेंट मार्टिन बेटावर धावपट्टीचे टोक समुद्रकिनाऱ्याला जवळजवळ भिडलेले आहे. तेथे विमानांचा झोत अंगावर घेण्याची मौज करण्यासाठी पर्यटक कुंपण धरून उभे राहत. जुलै २०१७ मध्ये न्यूझीलंडहून आलेली एक स्त्री त्या झोताने फेकली जाऊन मरण पावली. एवढे झाल्यावर तरी ती मौज बंद पडावी, अशी अपेक्षा कोणीही करील.

इतक्या भयंकर यंत्राच्या आसपास रोज माणसे काम करतात, ती कशाच्या भरवशावर? मुख्य भरवसा एका लाल दिव्याचा असतो. विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली एकेक लुकलुकणारा लाल दिवा असतो. इंजिन सुरू करण्याआधी वैमानिक तो लावतो आणि इंजिने पूर्ण थांबल्यावर विझवतो. दिवा लुकलुकत आहे तोवर इंजिनांकडे जायचे नाही, हा जगभरच्या विमानतळांवरचा नियम आहे. कानांचा उपयोग येथे होत नाही. एप्रनवर एका वेळी अनेक विमानांची इंजिने घोंघावत असतात. त्याशिवाय बहुतेक जेट विमानांच्या शेपटीत वीज आणि थंड हवा पुरवणारे एक लहान इंजिन असते, त्याचाही आवाज काही थोडा नसतो. कामगारांच्या कानांवर आवाज अडवणारी टोपणे असतात आणि ती असलीच पाहिजेत, नाहीतर काही वर्षांत बहिरेपण येते. या गदारोळात समोरच्या विमानाचे डावे इंजिन चालू आहे की उजवे, की दोन्ही बंद आहेत, हे कानाने ओळखणे अशक्य असते.

३१ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेत अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे जे घडले, त्यावरून याची कल्पना येईल. तेथे उतरलेल्या एका लहान जेट विमानाचे शेपटीतील सहायक इंजिन नादुरुस्त होते. म्हणून जमिनीवरची विजेची तार जोडली जाईपर्यंत मुख्य इंजिने थोडा वेळ चालू ठेवायची असे ठरले होते. इंजिने थांबून लाल दिवा विझेपर्यंत जवळ जाऊ नये, असे कामगारांना विमान येण्यापूर्वी एकदा सोडून दोनदा बजावले होते. विमान थांबले, उजवे इंजिन बंद झाले, डावे चालूच होते. सामान उतरवणाऱ्या कामगारांतील एक स्त्री त्याच्या पुढे गेली आणि प्राणास मुकली. सूचना दिलेली होती, दिवा लुकलुकत होता, सहकाऱ्याने हातवारे करून सावधही केले होते. परंतु रोज विमान थांबले की पुढे व्हायचे, ही पायांची सवय सूचनेपेक्षा बलवान ठरली असावी. निष्काळजीपणा हा शब्द अशा ठिकाणी फार लवकर वापरला जातो. दिवसातून अनेक वेळा तेच काम तितक्याच घाईने करणाऱ्या माणसाच्या मनाचा विचार त्या शब्दात येत नाही.

पुशबॅकची पद्धत आखताना मनाच्या या दुबळेपणाचा पुष्कळ विचार केलेला आढळतो. विमान मागे ढकलताना जमिनीवरचा एक माणूस तारेने जोडलेला हेडसेट लावून वैमानिकाशी बोलत चालतो. वैमानिकाचे डोळे तेवढ्यापुरते तोच असतो. मागे वाट मोकळी आहे का, इंजिन सुरू करण्यास हरकत नाही ना, हे तोच सांगतो. पुढच्या चाकाचे वळवण्याचे यंत्र ट्रॅक्टरशी झगडू नये म्हणून एक खीळ घालून ते तात्पुरते निकामी केलेले असते आणि त्या खिळीला लांब लाल फीत बांधलेली असते. ढकलणे संपल्यावर वैमानिक ब्रेक लावतो, ट्रॅक्टर सुटा होतो, हेडसेटची तार काढली जाते. या क्षणी दोघांमधले बोलणे तुटते. येथून पुढे वैमानिकाला जमिनीवरचा माणूस ऐकू येणार नाही, आणि तो विमानाजवळ असेल तर दिसणारही नाही. म्हणून तो माणूस विमानापासून दूर, वैमानिकाला स्पष्ट दिसेल अशा जागी जातो, काढलेली खीळ तिच्या लाल फितीसह उंच धरून दाखवतो आणि अंगठा वर करतो. वैमानिक हात हलवून ती खूण पोचल्याचे कळवतो. मगच विमान आपल्या जोरावर हलते.

वरवर पाहता ही एक साधी औपचारिकता आहे. विमानातील प्रवाशाला खिडकीतून तो फीत दाखवणारा माणूस दिसतो आणि तो निरोप देतो आहे असे वाटून लहान मुले त्याला हात हलवतात. खरे पाहता त्या फितीने दोन गोष्टी एकाच वेळी सिद्ध होतात. खीळ चाकात राहिलेली नाही ही एक, आणि ती काढणारा माणूस आता चाकाजवळ किंवा इंजिनाजवळ नाही ही दुसरी. तोंडी निरोपात चूक होऊ शकते. हातात धरलेली खीळ एकाच वेळी चाकात असू शकत नाही. ज्या कोणी ही युक्ती प्रथम काढली, त्याला माणसांची चांगली पारख होती असे म्हटले पाहिजे.

विमान हलू लागले की पंखांचा प्रश्न उभा राहतो. टॅक्सीमार्गावर, म्हणजे एप्रन आणि धावपट्टी यांना जोडणाऱ्या वाटांवर, मधोमध पिवळी रेघ काढलेली असते. पुढचे चाक त्या रेघेवर ठेवले तर पंखांना दोन्ही बाजूंनी पुरेशी जागा मिळेल, असे गणित आधी केलेले असते. परंतु शेजारचे विमान त्याच्या ठरलेल्या जागेच्या थोडे अलीकडेच थांबले असेल, तर हे गणित चुकते. २७ मार्च २०२४ रोजी कोलकाता विमानतळावर धावपट्टीवर जाण्याची वाट पाहत थांबलेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानाला शेजारून जाणाऱ्या इंडिगोच्या विमानाचा पंख घासला. कोणाला इजा झाली नाही, दोन्ही पंखांची टोके मोडली. ११ एप्रिल २०११ रोजी न्यूयॉर्कला ए-३८० च्या पंखाचे टोक एका लहान विमानाच्या शेपटीला लागले आणि ते विमान प्रवाशांसकट जागच्या जागी गर्रकन फिरले.

वळणावर आणखी एक चकवा असतो. एसटीची गाडी फलाटावरून निघून एकदम वळली की तिचे मागचे टोक उलट बाजूला बाहेर फेकले जाते आणि जवळ उभ्या असलेल्याला लागते, हे आपल्या स्थानकांवर अनेकांनी पाहिलेले असेल. जेट विमानाचे पंख सरळ बाजूला न जाता मागे झुकलेले असतात आणि त्यांची टोके मुख्य चाकांच्या मागे येतात. त्यामुळे वळताना बाहेरच्या पंखाचे टोक सरळ जाताना जेथून गेले असते त्याच्याही बाहेरून वर्तुळ काढत जाते. सरळ रेषेत मोकळी दिसणारी जागा वळणावर अपुरी पडते. म्हणून सरळ मार्गावर ताशी पन्नास किलोमीटरपर्यंत जाणारे विमान काटकोनी वळणावर ताशी अठरा-वीस किलोमीटरवर आणतात. एवढ्या हळू का चालला आहे, असे खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला वाटते.

प्रवाशांचाही यात वाटा आहेच. विमान उतरल्यानंतर पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सोडू नये, ही सूचना बहुतेकांना नोकरशाहीचा हट्ट वाटते. परंतु टॅक्सीमार्गावर सामानाचा ट्रॅक्टर, मोटार किंवा जनावर अकस्मात आडवे येऊ शकते आणि मग वैमानिकाला एकदम ब्रेक दाबावा लागतो. १६ मे २०२४ रोजी पुण्याहून दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे विमान, सुमारे १८० प्रवाशांसह धावपट्टीकडे जात असताना एका ट्रॅक्टरला धडकले आणि त्याच्या नाकाला व पुढच्या चाकाजवळ इजा पोचली. प्रवासी सुरक्षित राहिले. अशा वेळी उभा असलेला माणूस आणि उघडलेल्या कप्प्यातील पेटी, दोघेही पुढे फेकले जातात. लहान विमानतळांवर प्रवाशांना पायी विमानापर्यंत जावे लागते. तेथे उडालेल्या टोपीमागे किंवा ओढणीमागे धावू नये, पंखाखालून जवळची वाट काढू नये आणि छायाचित्र घेण्यासाठी रांग सोडून मागे मागे सरकू नये. पंख्यांच्या विमानाजवळ तर हे अधिकच पाळावे, कारण वेगाने फिरणारा पंखा डोळ्यांना दिसतच नाही.

क्षुल्लक वस्तूंचीही गोष्ट सांगितली पाहिजे. सुटलेला खिळा, बाटलीचे झाकण, पिशवीचे कुलूप, खडीचा तुकडा, यांतले काहीही इंजिनाच्या ओढीने आत जाऊन पात्यांना दुखापत करू शकते. जमिनीजवळ असलेल्या इंजिनाखाली पावसाळ्यात कधी कधी पाण्याचा एक बारीक भोवरा उठलेला दिसतो. खडेही असेच वर उचलले जातात. पॅरिसजवळ २५ जुलै २००० रोजी काँकॉर्ड विमान कोसळून ११३ माणसे मेली. आधी उडालेल्या दुसऱ्या विमानातून धावपट्टीवर पडलेली सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीची धातूची पट्टी त्याचे आदिकारण होती. विमानतळावर खाली नजर लावून झाडणारी आणि वेचणारी माणसे असतात. त्यांच्या कामाचे मोल पगारपत्रकावरून कळत नाही.

आतापर्यंत आपण एकच विमान आणि त्याच्याभोवतीची माणसे यांचा विचार केला. सर्वांत मोठे संहार मात्र दोन विमाने एकाच धावपट्टीवर आल्याने झालेले आहेत. विमानवाहतुकीच्या इतिहासातील सर्वांत भीषण अपघात आकाशात झालेला नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या ताब्यातील टेनेरीफ बेटावर दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. ढग जमिनीवर उतरले होते. पॅन अमेरिकनचे विमान त्याच धावपट्टीवरून संथपणे पुढे येत होते. दुसऱ्या टोकाला असलेल्या के. एल. एम.च्या वैमानिकाला ते दिसत नव्हते आणि मनोऱ्यातल्या नियंत्रकाला दोघेही दिसत नव्हते. तिघांना जोडणारा एकच धागा होता, तो रेडिओचा.

हा धागा शब्दांच्या गोंधळाने तुटला. उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचे याची सूचना नियंत्रकाने दिली, तिच्यात ‘टेकऑफ’ हा शब्द होता. ती मार्गाची परवानगी होती, निघण्याची नव्हती. के. एल. एम.च्या विमानाने धाव घेतली. आपण निघत आहोत असे त्याने कळवले ते मोघम शब्दांत. नियंत्रकाने थांबण्यास सांगितले आणि नेमके त्याच क्षणी पॅन अमेरिकनच्या विमानाने आपण अजून धावपट्टीवर असल्याचे ओरडून सांगितले. एकाच लहरीवर दोघे एकदम बोलल्यामुळे दोन्ही संदेशांची मिळून एक शिट्टी ऐकू आली. दोन्हींपैकी कोणताही एक संदेश स्वच्छ पोचला असता, तर आज टेनेरीफचे नाव कोणी घेतले नसते.

या अपघातानंतर वैमानिक आणि नियंत्रक यांच्या भाषेत जी सुधारणा झाली, ती मला यंत्रांतील पुष्कळ सुधारणांपेक्षा महत्त्वाची वाटते. ‘टेकऑफ’ हा शब्द आता प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारतात. इतर सर्व वेळी ‘डिपार्चर’ म्हणतात. धावपट्टीवर जाण्याची, ती ओलांडण्याची किंवा तिच्या अलीकडे थांबण्याची सूचना वैमानिकाने शब्दशः परत म्हणून दाखवली पाहिजे, असाही दंडक आहे. ‘ठीक आहे’ एवढे म्हणून भागत नाही. आपल्या बोलण्यात होकाराला अनेक अर्थ असतात. ऐकले, कळले, मान्य आहे आणि करतो, हे चारही आपण एका ‘हो’मध्ये सांगतो. धावपट्टीवर ही काटकसर परवडत नाही.

८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर पुन्हा धुक्यातच एक लहान विमान चुकीच्या टॅक्सीमार्गाने धावपट्टीवर शिरले आणि उड्डाण घेणाऱ्या मोठ्या विमानाने त्याला धडक दिली. ११८ माणसे गेली. तेथे जमिनीवरची विमाने दाखवणारे रडार त्या वेळी कार्यरत नव्हते, आणि मार्गावरच्या खुणा धड नव्हत्या. हवामान स्वच्छ असताना असे प्रसंग टळतातच, असे मात्र समजू नये. १५ फेब्रुवारी २०२० रोजी पुण्याच्या धावपट्टीवर वेगात धावणाऱ्या एअर इंडियाच्या विमानासमोर एक जीप आणि एक माणूस दिसला. वैमानिकाने ठरलेल्या वेळेआधीच विमान उचलले, त्यात शेपटीकडचा भाग जमिनीला घासला आणि विमान दिल्लीला सुखरूप उतरले. ८ जून २०२४ रोजी मुंबईत एअर इंडियाचे विमान उड्डाणासाठी धावत असताना त्याच धावपट्टीवर मागून इंडिगोचे विमान उतरले. पहिले विमान वर गेले म्हणून निभावले.

धावपट्टीच्या तोंडाशी टॅक्सीमार्गावर चार पिवळ्या रेघा आडव्या काढलेल्या असतात. दोन अखंड आणि दोन तुटक. जगभर ही खूण सारखीच असते, डुमनाला तीच आणि मुंबईलाही तीच. अखंड रेघांच्या बाजूने, म्हणजे धावपट्टीकडे, येणाऱ्याने स्पष्ट परवानगी मिळेपर्यंत तेथेच थांबायचे असते. मोठ्या विमानतळांवर याच जागी जमिनीत लाल दिव्यांची रांगही बसवलेली असते आणि ती पेटलेली असताना, तोंडी परवानगी मिळाली असे वाटले तरी, पुढे जायचे नसते. तुटक रेघांच्या बाजूने येणारा म्हणजे नुकताच उतरून धावपट्टीवरून बाहेर पडणारा. त्याने रेघांवर रेंगाळायचे नसते. त्याचे नाक रेघांच्या पलीकडे गेले, वैमानिकाला आपण बाहेर आलो असे वाटले, तरी शेपूट अजून चाळीस मीटर मागे, धावपट्टीच्या बाजूला असू शकते. ती वैमानिकाला दिसत नाही. म्हणून शेपटीचे शेवटचे टोक चारही रेघा ओलांडून गेल्यावरच धावपट्टी मोकळी झाली असे धरतात आणि मागच्या विमानाला उतरण्याची परवानगी मिळते.